ओसाकात संध्याकाळी सहानंतर: मनोरंजन, खाणे-पिणे आणि शेवटची गाडी

सिंहगडरोड यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कार्यालयीन प्रशिक्षणासाठी मी ओसाकाला जात असून तेथे माझा अकरा रात्रींचा मुक्काम आहे. हॉटेल शिन-ओसाका स्थानकाजवळ आहे, प्रशिक्षण रोज साडेपाचला संपेल आणि मधला एक शनिवार-रविवार पूर्ण मोकळा मिळेल. मी एकटाच असेन. पुण्यात जपानी भाषेची पहिली पातळी पूर्ण केली आहे, त्यामुळे हिरागाना-काताकाना वाचता येते आणि दुकानात चार वाक्ये बोलता येतात. कांजी, म्हणजे चिनी मूळची अक्षरे, मात्र फारशी वाचता येत नाहीत.

आंतरजालावर शोध घेतला की दोतोन्बोरीचा कालवा, तेथील धावणाऱ्या खेळाडूची, ग्लिको या मिठाई कंपनीची पाटी आणि तिच्यासमोर छायाचित्रे काढणारी गर्दी एवढेच पुन्हा पुन्हा समोर येते. ते मी पाहीनच, परंतु त्याला एक संध्याकाळ पुरेल. उरलेल्या संध्याकाळी ओसाकाचे लोक स्वतः जिथे जातात तिथे जाऊन बसावे, अशी माझी इच्छा आहे. मद्य मी बेताचे घेतो. संगीत आणि नाटक यांची मनापासून आवड आहे. नाचगाण्याचे क्लब मला वर्ज्य नाहीत, पण ते माझे मुख्य आकर्षण नाही.

एकट्या परदेशी माणसाला लहान दुकानांत बसू देतात का, रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहता येते आणि एका संध्याकाळचा खर्च साधारण किती धरावा, हे जाणकारांनी सांगितल्यास आभारी राहीन.

निशिगंध यांचे उत्तर

मी नऊ वर्षांपासून ओसाकाच्या उत्तरेकडील उपनगरात राहते आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पहिली गोष्ट हीच सांगते, की इथली रात्र लवकर सुरू होते. मुंबईत जेवायला बाहेर पडण्याची जी वेळ असते, त्या वेळेला ओसाकाच्या अनेक लहान दुकानांत दुसरी पंगत उठत आलेली असते. आपण साडेपाचला मोकळे होणार आहात, ही फार चांगली गोष्ट आहे. हॉटेलवर जाऊन अंग टाकू नका, थेट बाहेर पडा. सहा ते साडेसहाच्या दरम्यान काउंटरच्या लांब फळीशी एकट्या माणसासाठी एक खुर्ची जवळपास नेहमीच मिळते, आणि आठ वाजता तीच खुर्ची मिळणे दुरापास्त होते.

दुसरी गोष्ट म्हणजे 'शूदेन', अर्थात शेवटची गाडी. आपल्या कामाची मिदोसुजी ही भुयारी रेल्वेची मार्गिका लाल रंगाची आहे आणि ती शिन-ओसाका, उमेदा, योदोयाबाशी, होन्माची, शिन्साइबाशी, नाम्बा आणि तेन्नोजी अशी उत्तर-दक्षिण धावते; म्हणजे रात्रीचे बहुतेक भाग याच एका मार्गिकेवर आहेत. नाम्ब्याहून शिन-ओसाकाला पंधरा-सोळा मिनिटे लागतात. मात्र मध्यरात्रीच्या सुमारास ती बंद होते आणि पहाटे पाचच्या आसपास पुन्हा सुरू होते. मधल्या काळात टॅक्सी मिळते, पण रात्री उशिरा तिचे भाडे सुमारे 20 टक्क्यांनी वाढते. त्यामुळे ओसाकाचा माणूस साडेअकराला एक निर्णय घेतो, एकतर उठून स्थानकाकडे निघायचे किंवा पहाटेपर्यंत थांबायचे, आणि हा निर्णय पेला हातात असताना घ्यायचा नसतो. घरून निघतानाच ठरवलेला बरा. कधी गाडी चुकलीच तर कॅप्सूल हॉटेल आहे. जगातले पहिले कॅप्सूल हॉटेल 1979 साली उमेद्यातच सुरू झाले, ते मुख्यतः अशाच गाडी चुकलेल्या नोकरदारांसाठी.

आता ठिकाणांविषयी. इथले लोक शहराचे दोन भाग करतात: उमेद्याच्या भोवतीचा तो 'किता' म्हणजे उत्तर आणि नाम्बा-शिन्साइबाशीचा तो 'मिनामी' म्हणजे दक्षिण. पर्यटक मिनामीत अधिक दिसतात. उमेद्याजवळचा किताशिन्ची हा भाग कंपन्यांच्या खर्चाने होणाऱ्या मेजवान्यांचा आणि महागड्या क्लबांचा आहे. ओळखीच्या माणसाने नेल्याशिवाय तिथे आपले काही काम नाही.

माझी पहिली शिफारस तेन्मा. ओसाका स्थानकाहून लूप म्हणजे वर्तुळाकार मार्गिकेने हे पहिलेच स्थानक आहे. जवळून तेन्जिन्बाशिसुजी ही सुमारे 2.6 किलोमीटर लांबीची, वरून छत असलेली बाजारपेठ जाते, आणि स्थानकाच्या पुढे-मागे इतक्या अरुंद गल्ल्यांत इतकी दुकाने आहेत, की पहिल्या दिवशी मी तिथे दोनदा वाट चुकले होते. यातील बरीच 'ताचिनोमी' आहेत, म्हणजे उभ्याने खाण्या-पिण्याची. तिथे एक-दोन पदार्थ आणि एक-दोन पेले झाले की माणसे उठून पुढच्या दुकानात जातात. या सवयीला 'हाशिगोझाके' म्हणतात. हाशिगो म्हणजे शिडी, एकेक पायरी चढत जावे तसे एकेक दुकान. ताचिनोमीत दीड ते अडीच हजार येन पुरतात, बसून खाण्या-पिण्याच्या दुकानात, म्हणजे इझाकायात, तीन ते चार हजार धरावेत.

मिनामीत याच धर्तीवर 'उरा-नाम्बा' म्हणजे नाम्ब्याची मागची बाजू आहे. नानकाइ रेल्वेच्या नाम्बा स्थानकाच्या पूर्वेला, भांडीकुंडी विकणाऱ्या दोगुयासुजी बाजाराच्या आसपास ती पसरलेली आहे. दोतोन्बोरीच्या गर्दीपासून ती चालत दहा मिनिटांवर असूनही तिथले वातावरण अगदी वेगळे असते.

एकट्याने आत जाताना दार सरकवून एक बोट वर करावे आणि 'हितोरी देसु' म्हणावे. जागा नसेल तर मालक दोन्ही हातांची फुली करून दाखवतो. तो अपमान नव्हे, सगळ्यांनाच तो तसे दाखवतो. बसल्यावर पहिल्यांदा पेय मागवायचे असते. त्यासोबत न मागता एक छोटी वाटी येते, तिला ओसाकात 'त्सुकिदाशी' म्हणतात आणि तिचे तीनशे ते पाचशे येन बिलात असतात. अनेक भारतीयांचा इथे गैरसमज होतो आणि वादही होतात. ती बसण्याच्या जागेची किंमत आहे असे समजावे. वरून बक्षिसी मात्र कुठेही देऊ नये. लहान दुकानांत रोख रक्कमच चालते, तेव्हा हजाराच्या नोटा जवळ ठेवाव्यात.

दोतोन्बोरीच्या एका संध्याकाळविषयीही एक विनंती आहे. साडेनऊ-दहानंतर तिथून दोन मिनिटांवरच्या होझेन्जी योकोचो या दगडी फरशीच्या गल्लीत जावे. तिथल्या फुदो देवतेच्या मूर्तीवर येणारा-जाणारा प्रत्येक जण ओंजळभर पाणी टाकतो, त्यामुळे मूर्ती पूर्णपणे हिरव्या शेवाळाने मढलेली आहे. दिवसभर उभ्याने काम केलेल्या स्वयंपाकिणी आणि वेटर कामावरून सुटल्यावर तिथे येऊन हात जोडताना दिसतात. 2002 आणि 2003 अशा लागोपाठच्या वर्षी या गल्लीला आग लागली होती. नव्या बांधकाम नियमांप्रमाणे रस्ता रुंद करावा लागला असता, पण रहिवाशांनी आग्रह धरून तिची जुनी अरुंद ठेवण जपली. म्हणून मला ती गल्ली अधिक प्रिय आहे.

क्लबांविषयी थोडे, कारण त्यामागचा इतिहास ओसाकाशीच जोडलेला आहे. 1948 च्या एका कायद्यानुसार जपानमध्ये ग्राहकांना नाचू देण्यासाठी विशेष परवाना लागत असे आणि तो असला तरी मध्यरात्रीनंतर, फार तर एक वाजल्यानंतर, नाच चालवता येत नसे. कित्येक दशके या नियमाकडे काणाडोळा केला गेला. पुढे ओसाकाच्या अमेरिकामुरा भागात पोलिसांनी तो कडकपणे राबवायला सुरुवात केली आणि 2012 साली उमेद्यातील 'नून' या क्लबच्या मालकाला अटक झाली. मालकाने खटला लढवला, 2014 साली ओसाका जिल्हा न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले, आणि देशभरातील सह्यांच्या मोहिमेनंतर कायदाच बदलून 23 जून 2016 पासून नवा नियम लागू झाला. आता जागेतील उजेड 10 लक्सपेक्षा अधिक असेल तर विशिष्ट परवान्यावर पहाटेपर्यंत नाच चालतो. शिन्साइबाशी आणि अमेरिकामुरात असे क्लब आहेत. दारावर पारपत्र दाखवावे लागते आणि वीस वर्षांखालील कोणालाही मद्य मिळत नाही. पारपत्र तर परदेशी पाहुण्याने कायद्यानेच सतत जवळ बाळगायचे असते.

पडद्यामागे यांचे उत्तर

निशिगंध यांनी खाण्या-पिण्याचे सविस्तर सांगितले आहे. आपल्याला नाटकाची आवड आहे असे आपण लिहिले, म्हणून मी रंगभूमीविषयी लिहितो. मी प्रकाशयोजनेचे काम करतो आणि काही वर्षांपूर्वी ओसाकात सहा आठवडे राहून जे पाहिले, त्याचा परिणाम माझ्या कामावर आजही आहे.

दोतोन्बोरी हा आज खाण्याचा रस्ता वाटतो, पण तो मुळात नाट्यगृहांचा रस्ता आहे. कालव्याचे खोदकाम 1615 साली पूर्ण झाले आणि थोड्याच वर्षांत त्याच्या दक्षिण काठावर नाट्यगृहे उभी राहिली. प्रेक्षकांना खाऊ घालणारी चहाघरे त्यांच्या आश्रयाने आली. 1684 साली ताकेमोतो गिदायू या गायकाने इथेच आपले बाहुलीनाट्याचे थिएटर काढले आणि चिकामात्सु मोन्झाएमोन या नाटककाराने त्याच्यासाठी लेखन केले. आज आपण ज्याला बुन्राकू म्हणतो, ते इथे घडले.

राष्ट्रीय बुन्राकू नाट्यगृह 1984 साली निप्पोन्बाशीत सुरू झाले. दोतोन्बोरीहून ते चालत गाठता येते. तिथे वर्षभर रोज प्रयोग नसतात, ठरावीक महिन्यांत हंगाम असतो, आणि आपल्या सुदैवाने एप्रिल हा त्यांपैकी एक महिना आहे. दिवसाचे कार्यक्रम दोन किंवा तीन भागांत विभागलेले असतात. सायंकाळचा भाग बहुधा आपले प्रशिक्षण संपण्याआधीच सुरू होईल, म्हणून शनिवार किंवा रविवार त्यासाठी राखून ठेवावा. पूर्ण भाग चार तासांपर्यंत चालतो. पहिल्यांदाच पाहणाऱ्यासाठी 'माकुमी' म्हणजे एकाच अंकाचे तिकीट मिळते, ते स्वस्तही असते. इंग्रजी ध्वनिमार्गदर्शक भाड्याने घ्यावा.

एका बाहुलीला तीन माणसे चालवतात. मुख्य कलावंत डोके आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात, तिसरा पाय. पाय चालवण्यात दहा वर्षे आणि डाव्या हातात आणखी दहा वर्षे जातात, असे तिथे परंपरेने सांगतात. तिन्ही माणसे प्रेक्षकांना पूर्ण दिसत असतात, मुख्य कलावंताचा तर चेहराही उघडा असतो, आणि तरीही पाच-सात मिनिटांनी ती दिसेनाशी होतात. मी प्रकाशयोजना करणारा माणूस असल्याने हे प्रकाशाने साधले असेल म्हणून बारकाईने पाहत राहिलो. प्रकाशात तसे काहीही नव्हते, रंगमंच सरळ उजळलेला होता. जे घडत होते ते सगळे हालचालीतून आणि बाजूला बसलेल्या गायकाच्या आवाजातून घडत होते. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. तिथे दोऱ्या वरून असतात आणि माणूस दडलेला असतो. इथे माणूस समोर असूनही बाहुलीच रडते.

या परंपरेचा एक धागा रात्रीच्या उमेद्यात सापडतो. 1703 साली सोनेझाकीच्या देवराईत एका दुकानातील कारकुनाने आणि त्याच्या प्रेयसीने एकत्र जीव दिला, आणि महिन्याभरात चिकामात्सुने त्या घटनेवर लिहिलेले बाहुलीनाट्य रंगमंचावर आले. त्या प्रेयसीचे नाव ओहात्सु होते. ते मंदिर आज 'ओहात्सु तेन्जिन' या नावाने ओळखले जाते आणि त्याच्या दारापर्यंत जाणारी गल्ली इझाकायांनी गजबजलेली असते. तिथे जेवून मग पाच मिनिटे मंदिराच्या अंगणात उभे राहून पाहा.

हसण्यासाठी जायचे असेल तर नाम्बा ग्रँड कागेत्सु आहे. 1912 साली स्थापन झालेल्या योशिमोतो या संस्थेचे हे मुख्य नाट्यगृह. दोघांनी मिळून करायचे मान्झाइ, एकट्याने बसून सांगायचे राकुगो आणि शेवटी योशिमोतोचे तासभराचे प्रहसन असा भरगच्च कार्यक्रम असतो. नेहमीचे प्रयोग दिवसा असतात, तेव्हा हेही सुट्टीच्या दिवशी बसवावे लागेल. मान्झाइ भाषेवर उभे असल्याने आपल्या पातळीच्या जपानीला ते अवघड जाईल, परंतु प्रहसन शब्दांवाचूनही पुष्कळ कळते.

राकुगोसाठी तेन्मातील तेन्मान्गू मंदिराशेजारचे 'हान्जोतेइ' हे नाट्यगृह मला फार जवळचे वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर साठ वर्षे ओसाकाला राकुगोचे स्वतःचे कायमचे नाट्यगृह नव्हते. ते 2006 साली लोकवर्गणीतून उभे राहिले, आणि वर्गणी देणाऱ्यांची नावे लिहिलेले कागदी कंदील आत छताला ओळीने टांगलेले आहेत. दुपारचा प्रयोग रोजचा असतो, संध्याकाळी निरनिराळे कार्यक्रम होतात.

संगीतासाठी नव्या माणसाला सोपे ठिकाण म्हणजे निशि-उमेद्यातील बिलबोर्ड लाइव्ह. बहुतेक दिवशी एकाच कलावंताचे दोन प्रयोग असतात आणि दुसरा संपूनही शेवटची गाडी आरामात मिळते. जॅझची खरी ओढ असेल तर मात्र जलद गाडीने वीस-बावीस मिनिटांवरच्या कोबेला जावे. 1923 साली तिथे जपानमधला पहिला व्यावसायिक जॅझ वाद्यवृंद उभा राहिला असे मानतात, आणि सान्नोमिया स्थानकाच्या वरच्या चढावर आजही रोज रात्री वादन होते.

ताम्हिणी यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. मी केवळ एका बाबतीत सावध करू इच्छितो, आणि त्यासाठी माझ्यावर ओढवलेला प्रसंग सांगतो.

मिनामीत रात्री अकराच्या सुमारास नीटनेटक्या सुटातील एका तरुणाने माझ्याशी चांगल्या इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. 'तासाला तीन हजार येन, सगळे त्यात आले' असे सांगून तो मला एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावरील बारमध्ये घेऊन गेला. मी दोन पेले घेतले, शेजारी येऊन बसलेल्या मुलीने तीन मागवले, आणि पन्नास मिनिटांनी माझ्या हातात बेचाळीस हजार येनचे बिल आले. त्यात बसण्याचे शुल्क, सेवाशुल्क, तिच्या पेयांचे पैसे आणि मला वाचता न येणाऱ्या आणखी दोन ओळी होत्या. दाराशी दोन माणसे उभी होती. मी पैसे दिले. खाली उतरून पोलीस चौकीत गेलो तेव्हा अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतले, परंतु दिलेल्या पैशांचा वाद हा दिवाणी स्वरूपाचा असल्याचे सांगितले.

यासाठी जपानीत 'बोत्ताकुरी' असा शब्दच आहे. रस्त्यावर ग्राहक ओढणे ओसाकाच्या नियमांत बसत नाही; 'ओढून नेणाऱ्यांच्या मागे जाऊ नका' असे ध्वनिक्षेपकावरून सतत सांगितले जात असते, पण ते जपानीत असल्याने मला कळले नव्हते. ज्या दुकानात चांगले खाणे आहे, त्याला रस्त्यावर माणूस उभा करावा लागत नाही. मुलगी असो वा मुलगा, कोणीही जवळ येऊन चालू लागले तर उत्तर न देता, न थांबता पुढे जावे. दर भिंतीवर लिहिलेले नसतील आणि वरच्या मजल्यावर जायचे असेल तर मुळीच जाऊ नये. बिलावरून अडवले गेले तर तिथूनच 110 क्रमांकावर पोलिसांना बोलवावे; बाहेर पडून जाण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

रानजाई यांचा उपप्रश्न

याच धाग्यात विचारते, चालेल ना? मी मे महिन्यात एकटीच ओसाकाला जाणार आहे. मी पूर्ण शाकाहारी आहे आणि मद्य घेत नाही. वरील सगळी वर्णने वाचून जावेसे वाटते, पण अशा दुकानांत मी काय मागवणार आणि रात्री दहा-साडेदहाला एकटीने परतणे सुरक्षित आहे का?

निशिगंध यांचे उत्तर

रानजाई, सुरक्षिततेचे आधी सांगते. मी स्वतः रात्री अकराच्या गाडीने नेहमी परतते. मिदोसुजी मार्गिकेवर कामाच्या दिवशी पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत महिलांचा एक स्वतंत्र डबा असतो, फलाटावर गुलाबी खूण असते. दोतोन्बोरीवरच्या एबिसुबाशी पुलाच्या आसपास मुलींना हटकणारे तरुण उभे असतात. ताम्हिणी यांनी सांगितले तसेच करावे, उत्तर देऊ नये. एवढी काळजी घेतली की पुरे आहे.

मद्य न घेण्याचा काहीच प्रश्न नाही. प्रत्येकाने एक पेय मागवावे एवढीच अपेक्षा असते, आणि 'ऊलाँग चा' म्हटले की कोणी वळूनही पाहत नाही. गाडी चालवून घरी जाणारे जपानी लोकही तेच पितात.

शाकाहाराचे मात्र खरे सांगितले पाहिजे, ते अवघड आहे. अडचण मांसाची नाही, 'दाशी'ची आहे. वाळवलेल्या बोनितो माशाचे हे पाणी रस्सा, चटणी, उकडलेली भाजी, अंड्याची गुंडाळी आणि ओकोनोमियाकी या जपानी धिरड्याचे पीठ या सगळ्यांत असते. दुकानदार 'निकु नाशी' म्हणजे मांस नाही असे प्रामाणिकपणे सांगतो आणि तरी त्यात मासा असतो, कारण त्याच्या दृष्टीने दाशी हा पदार्थ नसून पाणी आहे. कुशिकात्सु म्हणजे काडीला टोचून तळलेल्या पदार्थांच्या दुकानात कमळकाकडी, कांदा, मश्रूम यांच्या काड्या मिळतात, परंतु तेल एकच असते आणि अनेक ठिकाणी त्यात प्राण्यांची चरबी मिसळलेली असते. आपण कितपत काटेकोर आहात त्याप्रमाणे ठरवा. एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा), कापलेला टोमॅटो, काकडी आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा), उमेबोशी (खारवलेले आंबट फळ) घातलेला भाताचा गोळा एवढे बहुधा चालू शकेल, तरी मिसोचेही विचारून घ्यावे. थंड तोफू मागवताना 'कात्सुओबुशी नाशी दे' असे सांगावे, नाहीतर वर माशाचा कीस येतो.

माझा सल्ला असा, की पोटभर जेवण भारतीय किंवा पूर्ण वनस्पतिजन्य पदार्थांच्या उपाहारगृहात आधी करावे आणि इझाकायात केवळ तासभर वातावरणासाठी बसावे. कोबेला गेलात तर तेथे भारतीय वस्ती जुनी आहे. 1923 च्या भूकंपानंतर योकोहामाचे अनेक भारतीय व्यापारी तिथे येऊन स्थायिक झाले, आणि जैन मंदिरही आहे. तिथे जेवणाची चिंता पडत नाही.

धुराचा त्रास होत असेल तर तेही थोडे सुसह्य झाले आहे. 2025 च्या जानेवारीपासून ओसाका शहरात रस्त्यावर धूम्रपानाला बंदी आहे आणि एप्रिलपासून ग्राहकांची जागा 30 चौरस मीटरपेक्षा मोठी असलेल्या उपाहारगृहांतही ते मना आहे. अगदी चिमुकल्या बारमध्ये मात्र धूर असू शकतो.

पूर्वस्टँड यांचे उत्तर

एवढ्या चर्चेत बेसबॉल कोणीच काढला नाही याचे आश्चर्य वाटले. सिंहगडरोड, आपण एप्रिलमध्ये जात आहात म्हणजे हंगाम चालू असेल. हान्शिन टायगर्स हा ओसाकाचा जीव आहे, आणि त्यांचे कोशिएन हे 1924 सालचे मैदान उमेद्याहून हान्शिन रेल्वेने पंधरा मिनिटांच्या आत येते. रात्रीचे सामने सहाला सुरू होऊन साधारण नऊ-साडेनऊला संपतात, म्हणजे आपल्या वेळेत तंतोतंत बसतात.

खेळाचे नियम येत नसले तरी चालेल. उजव्या बाजूच्या बाह्य मैदानामागे तुताऱ्या आणि ढोल घेऊन बसलेली समर्थकांची पथके प्रत्येक फलंदाजाचे स्वतंत्र गीत गातात, आणि आपला संघ फलंदाजी करत असताना ते क्षणभरही थांबत नाहीत. प्रतिस्पर्ध्यांची पाळी आली की हे गप्प बसतात आणि ते गातात. ही शिस्त वानखेडेवर वाढलेल्या मला नवी होती. खाण्याचा डबा बाहेरून नेता येतो, बाटल्या आणि कॅनमधले पेय मात्र कागदी पेल्यात ओतून घ्यावे लागते. तिकिटे लवकर संपतात, आजच पाहा. 2023 साली 38 वर्षांनंतर त्यांनी जपान मालिका जिंकली, त्या रात्री दोतोन्बोरीच्या पुलावर पोलिसांची भिंत उभी असूनही लोकांनी कालव्यात उड्या टाकल्या.

सिंहगडरोड (परत आल्यावर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अकरांपैकी नऊ संध्याकाळी मी बाहेर होतो, त्यांतील चार तेन्म्यात गेल्या. पहिल्या दिवशी एका ताचिनोमीच्या दाराशी दहा मिनिटे उभा राहूनही आत जाण्याचे धाडस झाले नाही. दुसऱ्या दिवशी सहा वाजता गेलो, बोट वर केले, 'हितोरी देसु' म्हटले आणि फळीवरची माणसे न सांगता सरकली. शेजारचे गृहस्थ निवृत्त बसचालक होते. त्यांचे ओसाकाच्या बोलीतले जपानी मला निम्मेही कळले नाही, तरी कोणते मासे त्या दिवशी ताजे आहेत ते त्यांनी बोटाने दाखवून मागवायला लावले. खर्च 1,900 येन झाला.

कोशिएनला बाह्य मैदानाचे तिकीट मिळाले नाही, तिसऱ्या बेसच्या बाजूला बसलो. तिथूनही तो आवाज अंगावर येत होता. एका संध्याकाळी टांकसाळीच्या आवारातील चेरीच्या झाडांमधल्या पायवाटेवरून फिरलो. 1883 पासून ती दरवर्षी एप्रिलमध्ये आठवडाभर लोकांसाठी उघडतात आणि अंधार पडला की दिवे लावतात. आता त्यासाठी आधी आंतरजालावर नाव नोंदवावे लागते, हे येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. माझी नोंदणी हॉटेलच्या स्वागतकक्षातील बाईंनी करून दिली.

बुन्राकू रविवारी पाहिले. एका अंकाचे तिकीट काढले होते, तो संपल्यावर बाहेर येऊन पुढच्या अंकाचेही काढले. पडद्यामागे, एक विचारायचे होते. गायक सुरुवात करण्यापूर्वी समोरची संहिता दोन्ही हातांनी उचलून कपाळापर्यंत नेतो आणि मान झुकवतो. आपल्याकडे पोथी वाचण्याआधी कपाळाला लावतात, अगदी तसे. ते पाहून मी जागच्या जागी सावरून बसलो. ती रीत नेमकी कशासाठी आहे?

पडद्यामागे यांचे उत्तर

आपण ते टिपले याचा फार आनंद झाला. त्या गायकाला, म्हणजे तायूला, संपूर्ण अंक तोंडपाठ असतो. तरीही संहिता समोर ठेवतात, पाने उलटतात, आणि सुरुवातीला व शेवटी तिला वंदन करतात. म्हणायचा शब्द नाटककाराचा आहे, त्यात तायूने स्वतःचे काही घालायचे नाही, असा त्याचा अर्थ मला तिथल्या एका जाणत्या प्रेक्षकाने सांगितला होता. पुन्हा कधी गेलात तर प्रेक्षागृहाच्या उजव्या बाजूचे, पुढच्या रांगांतले आसन मागा. तायू आणि शामिसेन या तंतुवाद्याचा वादक ज्या फिरत्या चौथऱ्यावर बसून अचानक समोर येतात, तो तिथून दहा-पंधरा फुटांवर असतो, आणि पहिला शब्द उच्चारण्यापूर्वी त्यांनी घेतलेला श्वासही तिथे ऐकू येतो.